प्रस्तावना : ॲरोमाटेजला रोखणारी स्टेरॉइडे

बनारस हिंदू विद्यापीठात १९३२ साली प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनी औषधनिर्माणशास्त्र शिकवायला सुरुवात केली. भारतातले फार्मसीचे विद्यापीठीय शिक्षण तिथून सुरू झाले. त्याच विद्यापीठाच्या आवारात २०१९ पासून टाटा मेमोरियल सेंटरचे महामना पंडित मदन मोहन मालवीय कर्करोग केंद्र आहे आणि शहरात लहरताऱ्याला त्याच संस्थेचे होमी भाभा कर्करोग रुग्णालय. पूर्वांचलातल्या किती तरी बायका पूर्वी कर्करोगाच्या उपचारांसाठी मुंबईच्या परळपर्यंत जात. स्तनाच्या कर्करोगावरची हार्मोन रोखणारी गोळी रोज एक, अशी साधारण पाच वर्षे घ्यावी लागते. इतकी लांबची सोबत करणारे औषध घराजवळ मिळणे ही लहान गोष्ट नाही. म्हणून ज्या गावात औषध घडवायला शिकवतात आणि ते द्यायलाही बसतात, त्या वाराणसीतून हा विषय तुमच्यासमोर ठेवताना मला मनापासून आनंद होतो.

नवे विद्यार्थी बहुधा औषधांच्या नावांपासून सुरुवात करतात. माझा आग्रह उलटा आहे : आधी एन्झाइम पाहा. ॲरोमाटेज अँड्रोस्टिनडायोनचे इस्ट्रोन करते आणि टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रॅडायॉल. एवढे वाचून पुढे जाऊ नका. टेस्टोस्टेरॉनच्या सांगाड्यात १९ कार्बन असतात, इस्ट्रॅडायॉलमध्ये १८. तो एक कार्बन, म्हणजे १९ व्या क्रमांकाचा मिथाइल गट, काढायला एन्झाइमला तीन फेऱ्या लागतात. दर फेरीला ऑक्सिजनचा एक रेणू आणि एनएडीपीएचचा एक रेणू खर्ची पडतो. पहिल्या दोन फेऱ्यांत त्या मिथाइलवर ऑक्सिजन चढतो. तिसऱ्या फेरीत तो कार्बन फॉर्मिक आम्ल होऊन सुटतो आणि सांगाड्याचे पहिले वलय ॲरोमॅटिक बनते. हे सारे एन्झाइममधल्या हीम या गटाच्या लोहापाशी घडते. स्तनाचे बरेचसे कर्करोग ज्या इस्ट्रोजेनवर वाढतात, ते शरीरात बनवण्याची ही शेवटची पायरी आहे. तिला पर्याय नाही, म्हणूनच तिथे घाव घालणे सार्थ ठरते.

ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये बीजांडकोश काढून स्तनाचा कर्करोग आटोक्यात येतो हे दाखवले, तेव्हा इस्ट्रोजेन कुणाला ठाऊकही नव्हते. रजोनिवृत्तीनंतर मात्र बीजांडकोश काढून फारसे साधत नाही. तेव्हा इस्ट्रोजेन बनते ते मुख्यतः चरबीत, आणि स्तनाच्या पेशींतही. तिथे शस्त्र चालत नाही, रेणूच पोचावा लागतो.

असा रेणू शोधायला अमेरिकेत वर्सेस्टर फाउंडेशनमध्ये अँजेला ब्रॉडी आणि त्यांचे रसायनतज्ज्ञ पती हॅरी ब्रॉडी यांनी सुरुवात केली. त्यांच्या कामाचे पहिले निष्कर्ष १९७३ मध्ये आले. अँड्रोस्टिनडायोनच्या चौथ्या कार्बनावर एक हायड्रॉक्सी गट बसवला की फॉर्मेस्टेन तयार होते. लंडनमध्ये रुग्णांवर ते १९८० च्या दशकात वापरून पाहिले गेले. ते दर दोन आठवड्यांनी स्नायूत टोचावे लागे. तोंडाने घेण्याजोगे एक्झेमेस्टेन १९९९ मध्ये बाजारात आले.

आता या विषयातला मला सर्वांत प्रिय भाग. ही औषधे एन्झाइमच्या नेहमीच्या घासासारखीच दिसतात, म्हणून ॲरोमाटेज त्यांना आत घेते आणि सवयीने काम सुरू करते. त्या कामातूनच औषधाचे एक चढेल, क्रियाशील रूप तयार होते आणि ते एन्झाइमला कायमचे चिकटते. एन्झाइम स्वतःच्याच हाताने बंद पडते. शास्त्रज्ञ याला आत्मघाती निरोधन म्हणतात. लेट्रोझोल आणि ॲनास्ट्रोझोल ही स्टेरॉइड नसलेली औषधे वेगळ्या रीतीने चालतात. त्यांच्या ट्रायझोल वलयातला नायट्रोजन हीमच्या लोहाला धरून बसतो, पण ती पकड सुटू शकते. एक्झेमेस्टेनने बाद झालेले एन्झाइम परत कामाला लागत नाही, पेशीला नवे एन्झाइम घडवावे लागते. २५ मिलिग्रॅमच्या एका गोळीनंतर इस्ट्रोजेन चार-पाच दिवस दबलेले राहते ते यामुळे. ही गोळी जेवणानंतर घ्यायला सांगतात, कारण स्निग्ध अन्नासोबत ती अधिक शोषली जाते.

मानवी ॲरोमाटेजचा आकार प्रत्यक्ष दिसायला २००९ साल उजाडले. देबाशिष घोष आणि सहकाऱ्यांनी मानवी वारेतून ते एन्झाइम शुद्ध करून त्याचे स्फटिक मिळवले. अँड्रोस्टिनडायोन आत किती चपखल बसते ते त्यात दिसते : एका टोकाला तिसऱ्या कार्बनावरचा ऑक्सिजन ॲस्पार्टिक आम्ल ३०९ शी जोडलेला, दुसऱ्या टोकाला १७ व्या कार्बनावरचा मेथिओनिन ३७४ शी.

या औषधांच्या मर्यादाही नीट समजून घ्या. पाळी चालू असलेल्या बाईला नुसते हे औषध देऊन भागत नाही. इस्ट्रोजेन कमी झाले की मेंदू बीजांडकोशाला अधिक जोराने कामाला लावतो, म्हणून बीजांडकोशाचे काम आधी थांबवावे लागते. सांधे दुखतात, हाडे विरळ होतात. आणि लेट्रोझोल निष्प्रभ झाल्यावरही काहींना एक्झेमेस्टेन का लागू पडते, हा प्रश्न अजून संशोधकांना कामाला लावतो आहे.

पहिले प्रकरण उघडण्याआधी कागद घ्या आणि अँड्रोस्टिनडायोन आणि एक्झेमेस्टेन शेजारी शेजारी काढा. फरक दोनच दिसतील : पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनामधला जास्तीचा दुहेरी बंध आणि सहाव्या कार्बनावरचा मेथिलीन गट. मग पेन्सिलीने १९ व्या कार्बनाभोवती गोल करा आणि वाचायला लागा.