चिलखतावरून ठरणारे मूर्तीचे वय

इंग्लंडमधील ग्लॉस्टरच्या कॅथेड्रलमध्ये ओकच्या लाकडात कोरलेला एक सरदार पहुडलेला आहे. हा रॉबर्ट कर्थोज, इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यमचा थोरला मुलगा आणि नॉर्मंडीचा ड्यूक. सख्ख्या भावाच्या, पहिल्या हेन्रीच्या कैदेत अठ्ठावीस वर्षे काढून तो ११३४ साली वारला. मूर्तीच्या अंगावरचा पोशाख मात्र त्याच्या काळाचा नाही.

लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेले चिलखत रॉबर्टच्या काळी होतेच. पण त्यावर बाह्या नसलेला लांब झगा कोरला आहे, आणि असा झगा सरदारांच्या अंगावर सर्रास दिसू लागला तो बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणूनच अभ्यासक ही मूर्ती तेराव्या शतकातील, म्हणजे रॉबर्टच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी घडवलेली मानतात. मूर्तिकाराने ड्यूकला आपल्या काळातल्या सरदाराचा वेश चढवला.

मूर्तीचे पाय एकमेकांवर टाकलेले आहेत. असे पाय म्हणजे धर्मयुद्धात लढल्याची खूण, ही समजूत आजही प्रचलित आहे. रॉबर्ट पहिल्या धर्मयुद्धात खरोखरच लढला होता, त्यामुळे येथे ती खरी वाटते. वस्तुतः ती तेराव्या-चौदाव्या शतकांतील इंग्लिश मूर्तिकारांची आवडती ठेवण. धर्मयुद्धाला कधीही न गेलेल्यांच्या मूर्तींतही ती आढळते.

चिलखताच्या बदलाचा क्रम ठाऊक असला की मूर्ती वाचता येते. सॅलिस्बरीतला विल्यम लाँगस्पे (मृत्यू १२२६) नखशिखांत कड्यांच्या चिलखतात आहे. पुढे गुडघे, कोपरे, नडग्या यांवर पोलादी पत्रे चढत गेले. वॉरिकच्या रिचर्ड बोशाँची धातूची मूर्ती संपूर्ण पत्र्याच्या चिलखतात आहे. पाठीकडचे पट्टे आणि बकलेसुद्धा, जे कोणाच्या दृष्टीस पडणार नव्हते, ओतकामात उतरले आहेत! तो वारला १४३९ मध्ये, मूर्तीचा करार झाला १४५० च्या सुमारास, आणि चिलखत मिलानच्या घडणीचे.

मूर्ती अमुक काळाआधीची नाही, एवढे चिलखत ठामपणे सांगते. ती किती नंतरची, हे सांगताना ते फसवू शकते. सरे परगण्यातील स्टोक डॅबर्नन येथे जॉन डॅबर्ननच्या थडग्यावर पितळी पत्र्यात कोरलेली आकृती आहे. जवळजवळ सगळे चिलखत कड्यांचे, पत्रा फक्त गुडघ्यांवर. म्हणून ती १२७७ च्या सुमाराची, इंग्लंडमधील सर्वांत जुनी पितळी आकृती, असे दीर्घकाळ मानले गेले. पुढे रेखाटनाची शैली आणि लेखातील अक्षरांची वळणे इतर पितळी आकृत्यांशी ताडून पाहिली गेली. चिलखत जुन्या वळणाचे निघाले आणि काळ १३२० च्या दशकात सरकला. सर्वांत जुनी हा मान गेला. शिवाय बापलेकांचे नाव एकच असल्याने, बापाची समजली गेलेली आकृती आता मुलाची मानली जाते.