गर्ल स्काउट कुकीची कुळकथा

अमेरिकेत साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात शाळकरी मुली घरोघरी जाऊन किंवा किराणा दुकानांच्या दाराशी टेबल मांडून जी बिस्किटे विकतात, ती गर्ल स्काउट कुकी. वर्षाकाठी सुमारे २० कोटी पाकिटे खपतात आणि त्यांतून जवळपास ८० कोटी डॉलरची उलाढाल होते. हा सगळा व्यवहार पाच ते अठरा वर्षांच्या मुलींच्या हातून होतो. या विक्रीची सर्वांत जुनी नोंद ओक्लाहोमा राज्यातील मस्कोगी या गावची आहे. तेथील ‘मिसलटो’ पथकाच्या मुलींनी डिसेंबर १९१७ मध्ये घरी कुकी भाजल्या आणि सेवाकार्यासाठी शाळेच्या उपाहारगृहात विकल्या.

त्या वेळी गर्ल स्काउट ही संघटना जेमतेम पाच वर्षांची होती. तिच्या संस्थापक जुलिएट गॉर्डन लो या जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरच्या बाई. त्यांना ऐकू फार कमी येत असे. १९११ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांची स्काउट चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांच्याशी ओळख झाली आणि गर्ल गाइड चळवळ पाहून त्या भारावल्या. मायदेशी परतून १२ मार्च १९१२ रोजी त्यांनी अठरा मुलींना घेऊन सव्हानात काम सुरू केले. मुलींनी तंबू ठोकावेत, नकाशा वाचावा, प्रथमोपचार शिकावेत आणि आपल्या उपक्रमांचा खर्च होता होईल तो स्वतः उभा करावा, अशी ही शिकवण होती. अमेरिकी स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळाला तो १९२० मध्ये. त्याआधीच या मुली स्वतः कमावलेल्या पैशाचा हिशेब ठेवू लागल्या होत्या, हे विसरता कामा नये.

पदार्थ म्हणून कुकीची निवड झाली ती सोयीमुळे असावी. लोणी, साखर, अंडी, मैदा हे जिन्नस मध्यमवर्गीय अमेरिकी घरात असतच, ओव्हनही असे, आणि भाजलेला माल काही दिवस टिकत असे. केकपेक्षा कुकी मोजून देणे सोपे. आईच्या देखरेखीखाली दहा-बारा वर्षांच्या मुलीला ती सहज जमे.

जुलै १९२२ मध्ये संघटनेच्या ‘द अमेरिकन गर्ल’ या मासिकात शिकागोच्या फ्लॉरेन्स नील यांचा लेख आला आणि या घरगुती उद्योगाला घडी बसली. नील तेथे स्थानिक संचालक होत्या. त्यांनी आपल्या भागातील २,००० मुलींना दिलेली कृती या लेखात छापली होती. एक कप लोणी आणि एक कप साखर एकत्र फेसायची. त्यात फेटलेली दोन अंडी, दोन मोठे चमचे दूध आणि एक चमचा व्हॅनिला घालायचा. मग दोन कप मैदा, एक चमचा मीठ आणि दोन चमचे बेकिंग पावडर. गोळा निदान तासभर थंड ठेवायचा, म्हणजे लोणी आळते आणि लाटताना पीठ चिकटत नाही. लाटून तिपानी आकार कापायचे, वरून साखर भुरभुरायची आणि चांगल्या तापलेल्या ओव्हनमध्ये आठ ते दहा मिनिटे भाजायच्या. अंडी सोडली तर ही जवळपास आपली नानकटाईच: तसाच खमंग वास, तसाच तोंडात विरघळणारा खुसखुशीतपणा.

नील यांनी कृतीसोबत हिशेबही दिला होता, आणि खरी मेख तिथेच आहे. एका घाण्यात सहा-सात डझन कुकी निघत. सामानाचा खर्च २६ ते ३६ सेंट. विक्री डझनाला २५ किंवा ३० सेंट. म्हणजे दीड डझन विकले की सामानाचे पैसे सुटत आणि उरलेले चार-पाच डझन पथकाच्या खात्यात जमा. मेहनतीचे आणि जळणाचे पैसे यात धरलेले नाहीत. ते घराने सोसायचे. तरीही एवढ्या नफ्याचा दुसरा कोणता धंदा शाळकरी मुलींना करता आला असता? हा हिशेब वाचूनच गावोगावची पथके कामाला लागली असावीत. १९२० आणि १९३० च्या दशकांत मुली मेणकागदाच्या पिशव्यांत कुकी भरत, पिशवीच्या तोंडाला स्टिकर लावत आणि डझनाला २५ ते ३५ सेंट दराने घरोघरी फिरून विकत.

महामंदीच्या काळात या घरगुती पद्धतीला पहिला धक्का बसला. १९३३ मध्ये फिलाडेल्फिया शहरात मुलींनी गॅस व वीज कंपनीच्या कार्यालयांच्या दर्शनी खिडक्यांत कुकी मांडून विकल्या. ४४ कुकींचा डबा २३ सेंटला आणि सहा डबे घेतल्यास १ डॉलर २४ सेंटला. लोकांच्या हाती पैसा नव्हता, पण तेवीस सेंटची चैन परवडण्याजोगी होती. मागणी इतकी वाढली की घरच्या ओव्हनला ती पेलेना. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पथकांच्या स्थानिक मंडळाने, कीबलर-वाइल बेकरीकडून कुकी भाजून घेतल्या. कारखान्यात भाजलेल्या कुकी विकणारे हे पहिले कौन्सिल. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या मंडळींनी तिपानी साचा स्वतः विकत घेतला आणि डब्यावर ‘गर्ल स्काउट कुकीज’ हे शब्द छापले. ही तीन पाने म्हणजे संघटनेचेच चिन्ह. प्रत्येक मुलगी घेते त्या वचनाचे तीन भाग त्यांतून दाखवले आहेत. १९३६ पासून राष्ट्रीय संघटनेने बेकऱ्यांना रीतसर परवाने द्यायला सुरुवात केली आणि १९३७ पर्यंत सव्वाशेहून अधिक कौन्सिले कुकीविक्री करू लागली.

या बदलात काही हरवले यात शंका नाही. मस्कोगीच्या मुलीने पीठ मळले होते, हात भाजून घेतले होते. फिलाडेल्फियाच्या मुलीला तयार डबा मिळाला. पण संघटनेने एक गोष्ट हातची जाऊ दिली नाही: भट्टी बेकरीकडे गेली, तरी विक्री मुलींकडेच राहिली. कुकी दुकानाच्या फडताळात ठेवून विकायच्या असत्या, तर त्या कधीच कुठल्या तरी बिस्किटाच्या कंपनीत विरून गेल्या असत्या. बेकऱ्या आल्या आणि गेल्या, चवी बदलल्या, तरी ही कुकी ओळखू येते ती या एका निर्णयामुळे.

दुसऱ्या महायुद्धात साखर, मैदा आणि लोणी यांची टंचाई झाली. तेव्हा १९४४ पासून मुलींनी कुकीऐवजी दिनदर्शिका विकून निधी उभा केला. युद्ध संपल्यावर कुकी परतल्या त्या दुप्पट जोमाने: १९४८ मध्ये देशभरात २९ परवानाधारक बेकऱ्या होत्या. १९५१ पर्यंत तीन प्रकार रुळले. मधे क्रीम असलेली सँडविच कुकी, जुनी तिपानी शॉर्टब्रेड आणि पुदिन्याच्या स्वादाची चॉकलेट मिंट. हीच चॉकलेट मिंट पुढे ‘थिन मिंट’ नावाने गाजली आणि सर्वाधिक खपाचा मान तिने आजतागायत सोडलेला नाही. उपनगरे वाढली, मॉल आले, तशा मुली दारावरून तिथल्या टेबलांपाशी आल्या.

बेकऱ्यांची संख्या मात्र घटत गेली. १९६६ मध्ये चौदा, १९७८ मध्ये चार, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून फक्त दोन. किंमत आटोक्यात राहावी आणि दर्जा देशभर सारखा असावा, हे त्यामागचे कारण. केंटकी राज्यातील लिटल ब्राउनी बेकर्स आणि व्हर्जिनियातील एबीसी बेकर्स या त्या दोघी. प्रत्येक कौन्सिल दोघींपैकी एकीशी करार करते, आणि त्यातून एक गमतीदार गुंता निर्माण झाला आहे. सत्तरच्या दशकात आलेली एक कुकी घ्या. बिस्किटाचे कडे, त्यावर कॅरामलचा थर, त्याला चिकटलेला भाजका खोबऱ्याचा कीस आणि वरून चॉकलेटच्या रेघा. लिटल ब्राउनीच्या मुलखात ती ‘समोआ’. एबीसीच्या मुलखात ‘कॅरामल डीलाइट’. शेंगदाण्याचे लोणी थापून चॉकलेटमध्ये बुडवलेली कुकी एकीकडे ‘टॅगअलाँग’, दुसरीकडे ‘पीनट बटर पॅटी’. थिन मिंटचे नाव दोन्हीकडे एकच, पण चव अगदी एकसारखी नाही: एबीसीची अधिक कुरकुरीत आणि पुदिन्याला पुढे, लिटल ब्राउनीच्या कुकीत चॉकलेट जड. नोकरीनिमित्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या माणसाला लहानपणची कुकी तेथे सापडत नाही, किंवा भलत्याच नावाने सापडते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतल्या मुलीही या पथकांत असतात आणि त्यांच्या शेजाऱ्यांनाही हा फरक ठाऊक असतो.

पैशाची वाटणी कशी होते हे समजून घेण्याजोगे आहे. पाकीट आज बहुतेक ठिकाणी पाच ते सात डॉलरला पडते. त्यातला एक भाग बेकरीला जातो, उरलेला स्थानिक कौन्सिल आणि पथक यांच्यात वाटला जातो. बेकऱ्या राष्ट्रीय संघटनेला नाव वापरण्याचे स्वामित्वशुल्क देतात. पथकाच्या हाती किमतीच्या साधारण दहा ते वीस टक्के येतात. या वाट्यावर पालक नेहमीच कुरकुर करतात आणि ती कुरकुर रास्त आहे, कारण पाकिटे विकायला उन्हाथंडीत उभ्या राहतात त्या मुली आणि त्यांच्यासोबत त्यांच्या आया. संघटनेचे उत्तर असे की कौन्सिलच्या वाट्यातूनच शिबिरांच्या जागा सांभाळल्या जातात आणि गरीब घरच्या मुलींची वर्गणी भरली जाते. पथकाला मिळालेल्या पैशाचे काय करायचे, सहल की सेवाकार्य, हे मात्र मुलींनीच बसून ठरवायचे असते. उद्दिष्ट ठरवणे, निर्णय घेणे, पैशाचा हिशेब, माणसांशी वागणे आणि व्यवहारातली सचोटी, ही पाच कौशल्ये या कार्यक्रमाची अधिकृत उद्दिष्टे आहेत.

सचोटीचा धडा मुलींनी एकदा संघटनेलाच दिला. मिशिगन राज्यातील दोन मुली २००७ मध्ये ओरांगउटानविषयी अभ्यास करत होत्या. पाम तेलाच्या मळ्यांसाठी या प्राण्यांची जंगले तोडली जातात, हे त्यांना कळले, आणि आपण विकतो त्या कुकींत पाम तेलच आहे, हेही. त्यांनी विक्री थांबवली आणि चार वर्षे पाठपुरावा केला. २०११ मध्ये संघटनेने पाम तेलाबाबतचे धोरण जाहीर केले. मुलींना ते अपुरे वाटले. विषय तिथेच मिटलाही नाही: २०२० च्या अखेरीस असोसिएटेड प्रेसच्या शोधवृत्ताने इंडोनेशियातील पाम मळ्यांवरच्या बालमजुरीचा धागा या कुकींपर्यंत आणून दाखवला.

डिसेंबर २०१४ मध्ये ‘डिजिटल कुकी’ ही ऑनलाइन विक्रीची सोय आली. पण तीतही प्रत्येक मुलीचे वेगळे पान असते आणि गिऱ्हाईक तिच्याच ओळखीतून तिथवर येते. कोविडच्या काळात टेबले मांडता आली नाहीत, तेव्हा या सोयीचा आधार झाला खरा, पण २०२१ च्या हंगामात सुमारे दीड कोटी पाकिटे न विकता पडून राहिली. समोरासमोरच्या विक्रीवर हा धंदा किती टेकलेला आहे, ते यावरून दिसले.

अमेरिकेबाहेरही या कुकीचे भाईबंद आहेत. कॅनडात १९२७ मध्ये रेजायना शहरातील एका गाइड प्रमुखाने आपल्या मुलींच्या गणवेशासाठी आणि शिबिराच्या सामानासाठी विकायला कुकी भाजून दिल्या. तिथली गाइड कुकी त्यातून वाढली. खुद्द अमेरिकेत एकेकाळी फक्त मुलग्यांची असलेली स्काउट पथके कुकी न विकता पॉपकॉर्न विकतात. ब्रिटनमध्ये खाद्यपदार्थांऐवजी श्रमांची वाट धरली गेली: १९४९ पासून स्काउट घरोघरी जाऊन एका शिलिंगात पडेल ते काम करून देत. भारत स्काउट्स आणि गाइड्सचा ‘खरी कमाई’ हा उपक्रम त्याच धर्तीचा आहे, पण महाराष्ट्रातल्या शाळांत त्याला वेगळेच वळण लागले. तेथे मुले-मुली घरून भेळ, वडापाव, मिसळ करून आणतात किंवा मैदानावरच स्टॉल लावून बनवतात आणि शिक्षक, पालक, वर्गमित्र यांना विकतात. सामानाचा खर्च वजा करून उरलेली रक्कम पथकाच्या निधीत जमा होते आणि जमाखर्च वहीत मांडून दाखवावा लागतो.