अर्धमात्रेचा व्यापार

वडकबाळाशी सीना ओलांडून विजापूरच्या वाटेने निघाले की मंद्रूप लागते आणि पुढे टाकळीशी भीमा ओलांडली की महाराष्ट्राची हद्द संपते. या दोन नद्यांमधील दक्षिण सोलापूर तालुक्यातला माणूस ज्वारीचा कस दाण्यावरून आणि बैलाचे वय दातांवरून ओळखतो. परंतु ग्रामीण रुग्णालयातून हाती आलेल्या गोळीपुढे त्याची सारी पारख खुंटते, आणि वेष्टनावरच्या शिक्क्यावर भरवसा ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही.

या भरवशावर जगणारा बनावट औषधांचा व्यापार जुना आहे. इंग्रजी अमदानीत हिवतापावरचे क्विनीनही हिणकस विकले जात असे. अशा तक्रारी वाढत जाऊन 1927 साली कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये ठराव झाला, रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने 1931 साली अहवाल दिला, आणि त्याचे फलित म्हणून 1940 चा औषध कायदा अस्तित्वात आला. ज्याने दाम मोजले त्याचीच हानी झाली, असे या कायद्याने गृहीत धरले होते.

पुढे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहून 1955 साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले, आणि परदेशातून येणारे दुर्मीळ औषध सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आले. या औषधाचा जनक अलेक्झांडर फ्लेमिंग याने त्यापूर्वी दहा वर्षे, 1945 च्या नोबेल व्याख्यानात, एक काल्पनिक गृहस्थ उभा केला होता : घसा दुखतो म्हणून तो अपुरे पेनिसिलिन घेतो, त्याच्या देहातले जंतू मरण्याऐवजी औषधास सरावतात, तेच जंतू पत्नीस बाधतात, आणि तिच्यावर पेनिसिलिनची मात्रा चालत नाही. गृहस्थ वाचतो, पत्नी दगावते.

अपुरी मात्रा रोग्याच्या चुकीनेच नव्हे, तर बनावट गोळीतूनही देहात जाते. नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयातून मार्च 2023 मध्ये सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या गोळ्यांचा नमुना घेतला गेला. मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल डिसेंबरात आला, आणि गोळीत औषध मुळीच नसल्याचे त्यातून निष्पन्न झाले. हरिद्वारच्या एका पशुवैद्यकीय औषधांच्या प्रयोगशाळेत टाल्कम पावडर व स्टार्च कालवून ती घडविली गेली, असे पोलिसांनी सप्टेंबर 2024 च्या दोषारोपपत्रात म्हटले आहे. येथे एक भेद केला पाहिजे. निव्वळ पिठाची गोळी जंतूला काहीच शिकवीत नाही. ती रोग्यास निराधार सोडते, आणि गुण येत नाही असे पाहून वैद्य नाइलाजाने अधिक तीव्र, राखून ठेवण्याजोग्या औषधाकडे वळतो. खरी शिकवण अर्ध्या कसाची गोळी देते : दुर्बळ जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचाच वंश वाढतो. क्षयासारख्या रोगात, जेथे अनेक औषधे एकत्र देतात, तेथे एक औषध पोकळ निघाले की उरलेल्यांवर सारा भार पडून त्यांनाही जंतू निष्प्रभ करू लागतात. जंतूंच्या या प्रतिरोधाला चुकीची चिठ्ठी आणि अर्धवट सोडलेला उपचारही कारण होतात, हे खरेच. पण त्यांत कोणाचा नफ्याचा हेतू नसतो, म्हणून बनावट गोळीचा अपराध मला निराळा व अधिक घोर वाटतो.

रघुनाथ माशेलकर समितीने 2003 साली बनावट औषधाच्या अत्यंत गंभीर गुन्ह्यास देहदंड सुचविला. औषध कायद्याच्या 2008 च्या दुरुस्तीने किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरविली. मात्र त्या कलमाची भाषा ज्याने औषध वापरले त्याच्याच मृत्यूपुरती व त्याच्याच देहाच्या इजेपुरती आहे. फ्लेमिंगच्या गोष्टीतल्या पत्नीस त्यात स्थान नाही.