न झालेल्या बिघाडाचा इतिहास

इतिहासात लढाया असतात, तह असतात, राज्याभिषेक असतात. वंगण मात्र नसतं. स्वारी कुठून कुठे गेली हे शाळेत पाठ करून घेतात. गाड्यांच्या आसांना तेल कोणी घातलं, हे कोणी विचारीत नाही. आम्ही पडलो बँकेतले कारकून, त्यात वाणिज्य शाखेचे पदवीधर. त्यामुळे नजर आधी खर्चाच्या बाजूला जाते. तिथे ‘दुरुस्ती व देखभाल’ अशी एक गरीब ओळ असते. काटकसरीचं वारं सुटलं की पहिली कात्री तिच्यावर! कारण झालेल्या बिघाडाचं बिल येतं. न झालेल्या बिघाडाला रकानाच नाही.

आटपाडीकडे जुन्या काळी असा रकाना होता. त्याला बलुतं म्हणत. सुतार-लोहारानं शेतकऱ्याची अवजारं वर्षभर नीट ठेवायची आणि सुगीला धान्य न्यायचं. नांगर दहादा मोडला म्हणून धान्य दहापट नाही. मग शहाणा सुतार पहिल्यांदाच चांगली बाभळ घालणार! हल्ली यालाच वार्षिक देखभालीचा करार म्हणतात. अर्थात सुतार त्यावर सुखी होता असं कुणी समजू नये. दुष्काळात त्याचंही सूप रिकामंच.

आटपाडी तेव्हा औंध संस्थानात. त्याच संस्थानात १९१० साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना माळरान दिलं, वर बिनव्याजी कर्ज दिलं. (‘बिनव्याजी’ हा शब्द आम्ही बँकेत हळू आवाजात उच्चारतो.) किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगरानं जमीन नासेल म्हणून लोक आधी बिचकले, मग घेऊ लागले. पण ओतीव लोखंड गावच्या भात्यावर सांधता येईना. सुटा भाग आणायचा कारखान्यातूनच. मोडल्यावर धावाधाव करण्याचं युग आलं ते असं.

धावाधाव नको म्हणून साहेबानं ठरावीक तासांनी यंत्र उघडून तपासायचा नेम केला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांची दर ५० तासांनी तपासणी होई. वॉडिंग्टन नावाच्या जीवशास्त्रज्ञानं आकडे मांडले, तो काय! तपासणी झाल्या झाल्याच बिघाड वाढत आणि मग हळूहळू कमी होत. चांगलं चाललेलं यंत्र उगाच उघडल्याचा तो प्रसाद होता. घरातलं घड्याळ ‘जरा साफ करतो’ म्हणून उघडणारे काका ज्यांना आहेत, त्यांना हे युद्धाशिवायही ठाऊक असतं.

पुढे १९७१ च्या सुमारास जपानच्या निप्पॉनडेन्सो कारखान्यानं नवी रीत घालून दिली. यंत्र चालवणाऱ्यानंच ते रोज पुसायचं, तेल द्यायचं, ढिले नटबोल्ट आवळायचे. कारण पुसतानाच हाताला तडा लागतो, कानाला खरखर ऐकू येते. जगानं माना डोलावल्या.

आटपाडीच्या खिलार बैलांनी मात्र मान डोलावली नसती. बेंदराच्या आदल्या दिवशी त्यांची खांदेमळणी होते. कोमट पाण्यानं खांदा शेकायचा, हळद-तूप चोळायचं. हे काम बैलाचा धनी स्वतः करतो. चोळता चोळता सूज कुठे आहे, जू कुठे घासतं, हे त्याच्या बोटांना कळतं. कागद नाही, शिक्का नाही, तीन प्रती नाहीत!

आज या दुष्काळी मुलखाला कृष्णेचं पाणी येतं ते टेंभू योजनेतून. कराडजवळ उचललेलं पाणी टप्प्याटप्प्यानं चढवत आणावं लागतं. मधल्या एका टप्प्याचे पंप बसले, की पुढच्या सगळ्या डाळिंबांनी आभाळाकडे बघायचं. पाणी आलं की जलपूजन होतं, नारळ फुटतो, पुढारी ओटी भरतात. पण रात्रपाळीला पंपाच्या आवाजावर कान ठेवून बसलेल्या माणसाला हार घातल्याचं आमच्या तरी पाहण्यात नाही. त्याचं काम चोख झालं की काहीच घडत नाही. आणि काहीच न घडल्याची बातमी कोण छापणार?

म्हणून आमची एक सूचना आहे. बेंदराला बैलांबरोबर पंपांचीही खांदेमळणी करावी. पंपाला खांदा नसतो म्हणाल, तर बेअरिंग असतं की!