जमिनीत गेलेली तार

गिरणीतील अपघात म्हटला की जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे पट्टा येत असे. मुंबईत कापडगिरणीचा उद्योग कावसजी दावर यांनी १८५४ साली आरंभिला, आणि त्यानंतर सुमारे साठ वर्षे तेथील कारखानदारी मुख्यतः वाफेवर चालली. तळाशी एक अजस्र इंजिन, त्याच्या चाकावरून वर चढलेले जाड दोरखंड, मजल्यामजल्यावर छतालगत फिरणारे लांबच लांब शाफ्ट आणि त्यांवरून यंत्रांवर उतरलेले पट्टे. कोणाचा सदरा वा कोणाचा पदर त्या पट्ट्यात सापडला म्हणजे पुढे काय होई ते सांगावयास नको. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने मुलांच्या कामाच्या तासांना मर्यादा घातली, तशीच धोक्याच्या यंत्रांना कठडे घालण्याचीही तरतूद केली. तो कायदा फार तोकडा होता. नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ साली गिरणीकामगारांच्या सभा भरवाव्या लागल्या त्या काही उगीच नव्हे. परंतु कठड्याची कल्पना चोख होती. धोका डोळ्यांना दिसत होता, म्हणून त्याला आवर घालता येत होता.

पुढे वीज आली. लोणावळ्याच्या तलावांतील पाणी घाटाखाली सोडून खोपोलीस निर्माण केलेली टाटांची वीज ८ फेब्रुवारी १९१५ रोजी मुंबईस मिळू लागली, आणि ती पहिल्याने घेणारी गिरणी सिम्प्लेक्स. आरंभी इंजिनाच्या जागी मोठी मोटर बसवून तिच्यावर जुनेच शाफ्ट फिरविण्याची रीत होती. पुढे यंत्रागणिक स्वतंत्र मोटर आली आणि छतालगतचे पट्ट्यांचे जंगल विरळ होत गेले. कामगाराच्या हातापायांच्या दृष्टीने हा फार मोठा लाभ झाला, हे मान्य केलेच पाहिजे. पण एक धोका गेला तेव्हा दुसरा त्याच्या जागी येऊन बसला होता, आणि त्याला रूप नव्हते.

ज्या मोटरीने हे घडविले ती मूळची युरोपातील. त्रिकला विजेवर चालणारी ही मोटर डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की या अभियंत्याने १८८९ साली सिद्ध केली. १८९१ च्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात १७५ किलोमीटर दूर असलेल्या लाउफेनहून आणलेली वीज लोकांनी प्रत्यक्ष काम करताना पाहिली. या मोटरीत ब्रश नाहीत, ठिणगी नाही, बाहेर फिरणारा भाग म्हणावा तर एक दांडा. कारखानदाराला ती आवडली ती या साधेपणामुळेच. आणि आमच्या मते तिचा खरा धोका याच साधेपणात दडलेला आहे. आतल्या तारेवरील आवरण कोठे झिजले आणि ती तार ओतीव लोखंडाच्या अंगाला टेकली, तरी मोटर पूर्वीसारखीच फिरत राहू शकते. आवाज बदलत नाही, रंग बदलत नाही. तिच्यावर हात ठेवणारा माणूस ओल्या फरशीवर अनवाणी उभा असेल, तर दोष प्रथम त्यालाच कळतो.

अशा धोक्याला कठडा कसा घालावा? इंग्लंडात कारखान्यांतील विजेसंबंधी खास नियम १९०८ साली झाले. आपल्याकडे १९१० च्या विद्युत् कायद्याने विद्युत् निरीक्षक नेमण्याची आणि अपघाताची वर्दी देण्याची व्यवस्था केली. १९५६ च्या नियमांत एक वाक्य असे होते की, जाग्यावर बसविलेल्या प्रत्येक मोटरीचा सांगाडा दोन स्वतंत्र जोडण्यांनी जमिनीशी जोडलेला असावा. १९१० च्या कायद्याची जागा २००३ च्या कायद्याने घेतली, नियमांच्या जागी २०१० ची आणि मग २०२३ ची विनियमावली आली. ही दुहेरी जोडणीची अट मात्र टिकून राहिली. या एका अटीकडे आम्हांस श्रोत्यांचे लक्ष वेधावयाचे आहे, कारण तिच्याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत.

सर्वसामान्य समजूत अशी की, अर्थिंगची तार वाट चुकलेली वीज जमिनीत ‘जिरविते’. वस्तुतः जमीन वीज पीत नाही. वीज जेथून निघाली त्या ट्रान्सफॉर्मरकडेच परत जाऊ पाहते. माती ही केवळ वाट, आणि तीही खडतर. अर्थिंगचे खरे काम निराळे आहे. दोष उत्पन्न होताच इतका मोठा प्रवाह वाहावा की फ्यूज तत्काळ उडावा, म्हणजेच जो दोष लपून राहिला असता त्याने स्वतःच ओरडून आपली बातमी द्यावी, हे ते काम होय.

थोडा हिशेब करून पाहू. मोटरीच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम आणि ट्रान्सफॉर्मरकडील खड्ड्याचा १ ओहम धरा. २३० व्होल्टांचा दाब या ६ ओहमांतून सुमारे ३८ अँपिअर प्रवाह नेईल. दहा अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर १४ अँपिअरच्या आसपास घेते, पण सुरू होताना तिला कितीतरी जास्त लागतात. म्हणून तिचा फ्यूज समजा ३५ अँपिअरचा घातला. असा फ्यूज ३८ अँपिअरला सहजासहजी वितळत नाही. तोवर सांगाड्यावर दाब किती? ३८ ला ५ ने गुणा: १९० व्होल्ट! अर्थिंग आहे, खड्डा आहे, तार आहे, आणि तरीही मोटरीला हात लावणाऱ्याचे मरण टळलेले नाही. म्हणून ज्या कारखान्याचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो तेथे त्याचा न्यूट्रल आणि मोटरीचे अर्थिंग जाड धातूच्या पट्टीने एकत्र बांधतात. परतीची वाट मातीतून न राहता धातूतून होते आणि फ्यूज क्षणात उडतो. अर्थात तो फ्यूज खरा असला तर! ‘सारखा उडतो’ म्हणून त्याच्या जागी तांब्याची जाड तार पिळून ठेवणारे मिस्त्री कोणी पाहिले नाहीत?

दोन जोडण्या कशासाठी, याचे उत्तरही असेच साधे आहे. वीज आणणारी तार तुटली तर मोटर अडते आणि पाच मिनिटांत वायरमनला बोलावणे जाते. अर्थिंगची तार तुटली तर काहीच घडत नाही. मोटर फिरते, माल निघतो, पाळी संपते. गंजाने खाल्लेली ती पट्टी वर्षानुवर्षे तशीच लोंबत राहते. जिचा तुटवडा कोणास जाणवत नाही अशी वस्तू एकटी ठेवू नये, एवढाच त्या अटीचा अर्थ.

मोटरीजवळचा स्विचही याच विचारातून आलेला आहे. त्याने तिन्ही तारा एकाच वेळी तुटल्या पाहिजेत. एक तार जरी जोडलेली राहिली तरी मोटर थांबलेली दिसेल, पण तिची गुंडाळी जिवंतच असेल. आणि दुरुस्तीसाठी झाकण उघडणारा माणूस थांबलेल्या मोटरीवरच विश्वास ठेवतो. आवरण शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी मेगर नावाचे हाताने फिरवावयाचे उपकरण या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या आरंभीच निघाले. १९५६ च्या नियमांप्रमाणे ५०० व्होल्टांचा दाब एक मिनिट देऊन रोध निदान एक मेगओहम भरावा लागे. आमच्या हवेत आषाढ-श्रावणात बंद पडून राहिलेली मोटर ओल धरते, तेव्हा ही परीक्षा घेतल्याशिवाय तिला वीज देऊ नये.

माणसाचे शरीर किती सोसते हे मोजण्याचे काम अमेरिकेत बर्कले येथील चार्ल्स डॅल्झिएल यांनी केले. स्वेच्छेने पुढे आलेल्या लोकांवर प्रयोग करून त्यांनी दाखविले की, सरासरीने १६ मिलिअँपिअरच्या पुढे पुरुषाला हातातील तार सोडता येत नाही. स्त्रियांच्या बाबतीत हा आकडा आणखी खाली, साडेदहाच्या आसपास. एका अँपिअरचे हजार भाग केले तर त्यांतले सोळा! ज्या फ्यूजचा हिशेब आपण वर केला तो ३५ अँपिअरचा होता. माणूस आणि फ्यूज यांच्यातील हे अंतर फ्यूजने भरून निघणारे नव्हते. म्हणून डॅल्झिएल यांनीच १९६१ साली जाणारा आणि परतणारा प्रवाह यांची तुलना करून काही मिलिअँपिअरांच्या तफावतीस वीज तोडणारे साधन तयार केले. जेथे परतीची वाट मातीतूनच आहे, अशा लहान कारखान्यांना या जातीच्या साधनाचा आधार सर्वांत मोठा.

खड्ड्याविषयी एक गोष्ट उरली. मीठ आणि कोळसा घालून केलेला आपल्याकडील खड्डा ओलाव्यावर जगतो. त्याचा रोध पावसाळ्यात मोजला तर समाधान वाटते; तोच चैत्र-वैशाखात, जमीन भेगाळल्यावर, कितीतरी पटीने वाढलेला असतो. म्हणून उन्हाळ्यात त्याला नित्य पाणी द्यावे लागते, आणि मापही याच दिवसांत घ्यावे लागते. पुष्कळ ठिकाणी पाणी घालण्याचे हे काम आवारातील माळ्याकडे असते. त्या लोखंडी झाकणाखालच्या खड्ड्याचा आतल्या मोटरीशी काय संबंध आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.