धनेगावचे धरण आणि आयपीएल

एप्रिल २०१६. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. लातूर शहराची तहान याच धरणावर अवलंबून. त्यामुळे १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेने पाच लाख लिटर पाणी लातूरला पोहोचले.

मराठवाड्यात २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षे पावसाने दगा दिला होता. देशभरच्या वाहिन्यांवर वाद पेटला तो मात्र आयपीएलचा प्रश्न न्यायालयात गेल्यावर. राज्यातील सामन्यांच्या मैदानांना सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असा अंदाज तेव्हा चर्चेत होता. १३ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश दिला. धोनीचा पुण्याचा संघ विशाखापट्टणमला गेला, अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळूरला झाला. या स्थलांतराच्या बातम्या रंगल्या.

वाचलेले पाणी केजला पोहोचणार नव्हतेच. मांजरेच्या खोऱ्यातील खरा तहानलेला होता ऊस. पण त्याला धोनीसारखा चेहरा नव्हता. आणि राज्यभरचा ऊस तोडायला दरवर्षी घर सोडून जाणाऱ्या मजुरांमध्ये बीडचेच लाखो लोक असतात. त्यांच्या स्थलांतरासाठी वाहिन्यांची वाहने क्वचितच धावली.