आधी किरण की आधी शस्त्र? : गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील उपचारक्रमाचा इतिहास

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील दोन प्रमुख उपचारांचा उगम एकाच वर्षातला आहे. नोव्हेंबर १८९८ मध्ये व्हिएन्ना येथे एर्न्स्ट व्हेर्टहाइम याने गर्भाशय भोवतालच्या पेशीजालासह काढून टाकण्याची आपली शस्त्रक्रिया प्रथम केली. डिसेंबरात पॅरिस येथे क्यूरी दांपत्याने रेडियमचा शोध जाहीर केला. या दोहोंपैकी एक उपाय पुरेसा आहे की दोन्ही योजावेत, आणि दोन्ही योजावयाचे तर आधी कोणता, हा वाद पुढे शतकभर चालला.

व्हेर्टहाइमच्या आरंभीच्या काळात शस्त्रक्रियेमुळेच दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या मोठी होती. त्यामुळे स्टॉकहोम, पॅरिस व मँचेस्टर येथे गर्भाशयात व योनिमार्गात रेडियमच्या नळ्या ठेवण्याच्या पद्धती विकसित झाल्या. परंतु किरणांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. गर्भाशयमुखावर त्यांचा प्रभाव प्रखर असला, तरी ओटीपोटाच्या कडेच्या लसीकाग्रंथींपर्यंत तो क्षीण होतो. अर्बुद मोठे असल्यास त्याच्या गाभ्यातील पेशीही किरणांना दाद देत नाहीत.

पूर्वकिरणोपचाराची कल्पना या अडचणीतून पुढे आली. आधी किरणांनी अर्बुद आकुंचित करावे, काही आठवडे थांबावे आणि उरलेला रोग शस्त्राने काढावा, असा हा क्रम होय. तर्क सयुक्तिक होता. मात्र त्याचे मोल रुग्ण स्त्रीला द्यावे लागे. किरणांनी राठ झालेले पेशीजाल नीट भरून येत नाही. मूत्राशयास वा आतड्यास छिद्र पडण्याचा धोका वाढतो. दोन उपचारांचे क्लेश सोसून आयुष्य खरोखर वाढते काय, हे केवळ तर्काने ठरण्यासारखे नव्हते.

त्यासाठी रुग्णांची यदृच्छेने दोन गटांत विभागणी करून तुलना करणे अवश्य होते. मोठ्या अर्बुदाच्या २५६ स्त्रियांवरील अमेरिकन प्रयोगाचा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. किरणांनंतर गर्भाशय काढल्याने त्या जागी रोग उलटण्याचे प्रमाण घटले. एकंदर आयुर्मानात मात्र निश्चित लाभ दिसला नाही. त्यापूर्वी, १९९९ मध्ये, ३६९ स्त्रियांच्या दुसऱ्या प्रयोगाचे फलित पुढे आले होते. त्यातील दोन्ही गटांवर किरणांनंतर शस्त्रक्रिया झाली. एका गटास किरणांसमवेत सिस्प्लाटिन हे औषधही दिले गेले. तीन वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी ८३ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ७४ टक्के स्त्रिया हयात होत्या. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचता, किरणांना खरी जोड शस्त्रापेक्षा औषधाची मिळते, असे दिसू लागले.

महाराष्ट्रापुढील प्रश्न थोडा निराळा होता. किरणांची यंत्रे थोडी व रुग्ण अधिक. तेव्हा आधी औषधाने अर्बुद लहान करून शस्त्रक्रिया केल्यास किरणांवाचून भागेल काय? १९४१ मध्ये मुंबईत परळ येथे सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात २००३ ते २०१५ या काळात ६३३ स्त्रियांवर याची कसोटी झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण औषध व शस्त्रक्रियेच्या गटात ६९.३ टक्के, तर औषधासह किरणांच्या गटात ७६.७ टक्के होते. हयात असणाऱ्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते. शिवाय शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी काहींना नंतर किरण घ्यावेच लागले. म्हणजे मोठ्या अर्बुदाच्या बाबतीत आधी शस्त्र सुकर करून घेण्याचा हा मार्गही सरस ठरला नाही.

अर्बुद मोठे होण्याआधीच रोग ओळखला गेला, तर हा क्रमाचा वाद बहुतेक स्त्रियांच्या वाट्यास येणार नाही. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांच्या पाहणीने २००९ मध्ये दाखवून दिले की, विषाणूची एकवार तपासणी केल्याने या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात. त्याच विषाणूविरुद्ध पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने सिद्ध केलेल्या लशीस जुलै २०२२ मध्ये परवाना मिळाला. उशिरा येणाऱ्या रुग्णासाठी मात्र किरण व औषध यांची सोय तिच्या गावाजवळ असणे हाच अजून निर्णायक प्रश्न आहे.